उलट उत्तर देणारे जग

(वाशीम जिल्ह्यातील जऊळका येथील स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



मोक्षपट नावाचा एक खेळ महाराष्ट्रात पूर्वी खेळला जाई. परंपरा त्याचे जनकत्व ज्ञानेश्वरांकडे देते. तो सापशिडीच्या कुळातला खेळ: पटावर घरे आखलेली, घरांना सद्गुणांची आणि दुर्गुणांची नावे, सद्गुणाच्या घरातून शिडी वर जाणार, दुर्गुणाच्या घरात साप गिळणार. खेळता खेळता शिकवण्याची कल्पना आपल्याकडे परदेशातून आली असे समजणाऱ्यांनी हा पट एकदा पाहावा. पण मला त्यातली एक अडचण आज मांडायची आहे. मोक्षपटात खेळाडूला काहीच ठरवता येत नाही. फासा पडेल तसे चालायचे. लोभाच्या घरात तुम्ही लोभामुळे जात नाही, फाशावर अमुक आकडा पडला म्हणून जाता. पट उपदेश करतो, खेळाडू ऐकतो. आता त्याच्या शेजारी गोट्यांचा खेळ ठेवा. गोट्या काही शिकवण्यासाठी निघालेल्या नाहीत. तरीही गोट्या खेळणाऱ्या मुलाला अंगठ्याचा जोर, टकरीचा कोन, जमिनीचा उतार, जड गोटी आणि हलकी गोटी यांचा हिशेब रोज करावा लागतो. अंदाज चुकला तर गोटी भलतीकडे जाते, आणि ती का गेली याचा विचार पुढच्या डावाआधी करावाच लागतो. हे खेळाचे जग उलट उत्तर देते. आपल्याकडे मुलाने उलट उत्तर दिले की मोठी माणसे चिडतात, पण विज्ञानाचा सगळा कारभार निसर्ग आपल्याला उलट उत्तर देतो यावरच उभा आहे.

आजचा विषय आहे आभासी जगे आणि ऑनलाइन खेळ यांच्या मदतीने विज्ञान शिकणे, आणि एकमेकांच्या साथीने शिकणे. या विषयावर बोलताना बहुतेक वक्ते यंत्रांपासून सुरुवात करतात: डोळ्यांवर लावायचे चष्मे, त्रिमितीतली चित्रे, हलणारे डायनोसॉर. ती वाट मी घेणार नाही. शिकण्याचे म्हणून आज जे खेळ बाजारात विकले जातात त्यातले बहुसंख्य मोक्षपटाचेच वंशज आहेत. चार पर्यायांतला एक निवडा, बरोबर आला तर चांदणी मिळेल, चुकला तर खाली घसराल. चित्रे रंगीत झाली, आवाज आले, पण मुलाने करायचे काम तेच राहिले: दुसऱ्याने ठरवलेले उत्तर ओळखणे. माझे म्हणणे असे आहे की आभासी जग विज्ञान शिकवू शकते ते दोनच अटींवर. त्या जगाला स्वतःचे नियम असले पाहिजेत आणि ते नियम मुलांना आपल्या चुकांतून शोधता आले पाहिजेत. आणि शोधलेल्या गोष्टीवर मुलांना पुरावे देऊन आपसात भांडता आले पाहिजे. या दोन गोष्टी असतील तर जुना, संथ, खरचटलेला संगणकही पुरतो. त्या नसतील तर लाखाचा चष्माही सापशिडीच दाखवतो.

हे नुसते मत आहे की त्याला काही आधार आहे? आधार पुष्कळ आहे, आणि त्यातला मला सर्वांत मोलाचा वाटतो तो अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठातल्या क्रिस डीडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेल्या ‘रिव्हर सिटी’ या आभासी गावाचा. गाव एकोणिसाव्या शतकातले. नदीकाठी वसलेले, श्रीमंतांची घरे उंचावर, गरिबांची वस्ती सखल भागात. गावात माणसे आजारी पडत आहेत आणि का ते कोणालाच कळत नाही. शाळेतली मुले तीन-चार जणांच्या गटाने या गावात शिरतात. प्रत्येकाचा एक आभासी अवतार. ती गावकऱ्यांशी बोलतात, दवाखान्यातल्या नोंदी पाहतात, नदीच्या पाण्याचे नमुने घेतात, डास मोजतात. गोम अशी की गावात आजार एक नाही, तीन प्रकारचे आहेत: पाण्यातून येणारा, कीटकांकडून येणारा आणि माणसाकडून माणसाला लागणारा. तिन्हींची लक्षणे एकमेकांत मिसळलेली. पाण्याकडे बोट दाखवणारा गट अर्धाच बरोबर ठरतो, डासांकडे बोट दाखवणाराही तसाच. मग आपला तर्क तपासायला मुलांना एक गोष्ट बदलून पाहावी लागते, बाकी सगळे तसेच ठेवून. प्रयोगात एका वेळी एकच घटक बदलावा, हे वाक्य आपल्या पाठ्यपुस्तकातही आहे. पण तिथे ते पाठ करायचे असते, इथे त्यावाचून पुढे सरकताच येत नाही. शेवटी मुलांनी गावाच्या महापौराला पत्र लिहायचे: आजार कशाने होतो आहे, आमचा पुरावा काय, आणि काय करावे. आपल्या भाषेत सांगायचे तर ग्रामसभेपुढे अर्ज. संशोधकांना या पत्रांत एक लक्षणीय गोष्ट आढळली. लेखी चाचणीत मागे पडणाऱ्या अनेक मुलांची पत्रे पुढच्या मुलांच्या पत्रांच्या तोडीची होती. या मुलांना विज्ञान समजले होते, मात्र ते आपल्या चाचणीच्या मापात बसत नव्हते. आपल्याकडे दहावीच्या निकालावरून कोणाला विज्ञान येते आणि कोणाला येत नाही हे जे ठरवले जाते, त्याबद्दल या एका निरीक्षणाने शंका निर्माण व्हायला हरकत नाही.

दुसरी अट भांडणाची. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा २००४ साली आलेला खेळ राक्षस, तलवारी आणि मंत्रतंत्राचा. त्यात विज्ञान औषधालाही नाही. तरीसुद्धा कॉन्स्टन्स स्टाइनक्यूलर आणि शॉन डंकन या दोन संशोधकांनी या खेळाचे खेळाडू आपसात जी चर्चा करतात तिचा अभ्यास केला आणि २००८ साली तो प्रसिद्ध केला. चर्चेतला ८६ टक्के भाग गप्पांचा किंवा टवाळीचा नव्हता, मिळून ज्ञान उभारण्याचा होता. कोणता मंत्र कोणत्या क्रमाने टाकला तर परिणाम अधिक होतो, यावर एक जण आकडे मांडतो, दुसरा त्याचे गणित चुकले हे दाखवतो, तिसरा दोघांचे आकडे घेऊन नवे सूत्र बांधतो. विषय काल्पनिक, पण रीत अस्सल: दावा, पुरावा, प्रतिवाद, दुरुस्ती. ही रीत आपल्या वर्गात किती वेळा दिसते? वर्गात उत्तर बरोबर की चूक हे गुरुजी ठरवतात, आणि गुरुजी पुस्तक पाहून ठरवतात. खेळाच्या जगात उत्तर बरोबर की चूक हे ते जगच ठरवते, आणि म्हणून वयाने, जातीने, मार्कांनी कोण मोठा याला तिथे फारशी किंमत उरत नाही.

याच खेळात सप्टेंबर २००५ मध्ये जे घडले ते साथरोगतज्ज्ञ आजही सांगतात. खेळातल्या एका राक्षसाशी लढताना खेळाडूंना एक संसर्ग होई. तो त्या गुहेपुरताच राहावा अशी योजना होती, पण खेळाडूंच्या पाळीव प्राण्यांबरोबर तो बाहेर आला आणि गजबजलेल्या शहरांत पसरला. कमकुवत खेळाडू पटापट मेले. काही जण पळून रानात गेले, काही जण आजाऱ्यांवर उपचार करायला धावले, काहींनी मुद्दाम संसर्ग पसरवला, आणि काही नुसते बघायला म्हणून शहरात आले व सापडले. २००७ साली ‘लॅन्सेट’च्या संसर्गरोगविषयक नियतकालिकात यावर लेख आला: गणिती प्रारूपांत माणसाचे वागणे गृहीत धरावे लागते, इथे ते प्रत्यक्ष पाहायला मिळाले. यावर लगेच हरकत घेता येते आणि ती रास्त आहे. खेळात मेलेला माणूस दोन मिनिटांत उठून उभा राहतो, तेव्हा तिथल्या भीतीवरून खऱ्या भीतीचे माप काढता येणार नाही. मान्य. पण २०२० साली करोनाच्या साथीत आपल्याच गावागावांत पळणारे, सेवा करणारे, लपवणारे आणि बघायला जाणारे असे चारही प्रकार आपण पाहिले. माप चुकले असेल, नकाशा फारसा चुकला नव्हता.

आता सहकार्याकडे वळतो. इथे शिकणे आणि खरे संशोधन यांच्यातली भिंत पडते. प्रथिनाच्या रेणूची साखळी कशी दुमडते, यावर त्याचे काम अवलंबून असते. हे दुमडणे शोधणे फार कठीण. वॉशिंग्टन विद्यापीठाने २००८ साली ‘फोल्डइट’ नावाचा खेळ काढला आणि हे दुमडणे कोड्याच्या रूपात लोकांपुढे ठेवले. माकडांमध्ये एड्ससारखा रोग घडवणाऱ्या एका विषाणूच्या विकराची रचना शास्त्रज्ञांना अनेक वर्षे हुलकावणी देत होती. खेळाडूंनी ती तीन आठवड्यांत जमवली आणि २०११ साली तो शोध प्रसिद्ध झाला. त्याआधी २००७ साली ‘गॅलक्सी झू’ने सुमारे दहा लाख दीर्घिकांची छायाचित्रे लोकांपुढे ठेवली होती: ही सर्पिल आहे की लंबगोल, एवढेच सांगा. पहिल्या वर्षात दीड लाखांहून अधिक लोकांनी पाच कोटींहून अधिक वेळा उत्तर दिले. हान्नी फान आर्केल या डच शिक्षिकेला त्यात एक विचित्र हिरवट ढग दिसला, आणि तो आज तिच्याच नावाने ओळखला जातो.

हे सगळे दूरदेशीचे, असे कोणी म्हणेल. तर मग पुणे जिल्ह्यात या. नारायणगावजवळ खोडद इथे ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या शेतांमधून उभ्या आहेत. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या दृष्टीतून साकारलेली ही जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी. या दुर्बिणीने आकाशाचे जे सर्वेक्षण केले त्याची माहिती सर्वांना खुली आहे. ती इतकी अफाट आहे की मूठभर खगोलशास्त्रज्ञांनी बघून संपणार नाही. डॉ. आनंद होता यांनी २०१३ साली ‘रॅड अॅट होम’ हा उपक्रम सुरू केला. विज्ञान शिकणाऱ्या महाविद्यालयीन तरुणांना घरबसल्या प्रशिक्षण द्यायचे, एकाच दीर्घिकेची दृश्य प्रकाशातली, अवरक्त आणि रेडिओ चित्रे एकावर एक ठेवून पाहायला शिकवायचे, आणि काही वेगळे दिसले तर समाजमाध्यमावरच्या गटात ते मांडायचे. बाकीचे त्यावर तुटून पडतात. टिकले तर जीएमआरटीकडे प्रत्यक्ष निरीक्षणाचा प्रस्ताव जातो. २०२२ साली या मंडळींनी ‘रॅड १२’ या दीर्घिकेबद्दलचा शोध ब्रिटनच्या रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला: एका दीर्घिकेच्या कृष्णविवरातून निघालेला झोत शेजारच्या दीर्घिकेवर आदळताना दिसतो आहे, आपल्यापासून सुमारे शंभर कोटी प्रकाशवर्षे दूर. याला खेळ म्हणता येणार नाही हे मला ठाऊक आहे. इथे गुण नाहीत, पातळ्या नाहीत. पण मी सुरुवातीला सांगितलेल्या दोन्ही अटी इथे पुऱ्या होतात. आकाश उलट उत्तर देते, आणि गटातले सोबतीही देतात.

मग आपल्याकडे काय करता येईल? परक्या एकोणिसाव्या शतकातले गाव उचलून वाशीममध्ये आणण्याची गरज नाही. रिसोड ओलांडून पश्चिमेला गेले की शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात लोणार आहे. जगातले एक अतिशय चांगले आभासी जग त्यावरून बनू शकते, आणि ते अजून बनायचे आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे, काठापासून दीडशे मीटरच्या आसपास खोल असलेले हे विवर काळ्या बेसाल्टमध्ये आहे. आपली सगळी दख्खन ज्वालामुखीच्या लाव्ह्यानेच झालेली, त्यामुळे हे विवरही ज्वालामुखीचे असणार हा समज दीर्घकाळ टिकला, आणि तो मूर्खपणाचा नव्हता. १९७३ साली ‘सायन्स’ नियतकालिकात पुरावा आला: इथल्या खडकांत मॅस्केलिनाइट सापडते. ही काच ज्वालामुखीच्या उष्णतेने होत नाही. आघाताचा प्रचंड दाब बसला की खडकातले फेल्स्पार स्फटिकपण सोडून काचेसारखे होते, तेव्हाच ती बनते. म्हणजे उल्काघात. आता समजा मुलांना आभासी लोणारमध्ये सोडले आणि दोन हातोडे दिले, एक ज्वालामुखीचा, एक उल्केचा. दोन्हींनी विवर करून पाहा, खडकाचे तुकडे उचला, सूक्ष्मदर्शकाखाली धरा. कोणत्या विवरात ही काच मिळते? उत्तर आधी सांगायचे नाही. आणि त्याहून रंगतदार प्रश्न वयाचा. एका पद्धतीने लोणारचे वय पन्नास हजार वर्षांच्या आसपास निघाले, नंतर आर्गॉन पद्धतीने ते सुमारे पाच लाख सत्तर हजार वर्षे निघाले. दहापटीहून जास्त फरक! पाठ्यपुस्तकाला असा फरक अडचणीचा वाटतो, कारण रिकाम्या जागेत एकच आकडा भरायचा असतो. खेळाला हाच फरक हवा असतो.

लोणारचे पाणी खारट आणि अल्कधर्मी आहे, त्याचा पीएच दहाच्या आसपास असतो. जून २०२० मध्ये हे पाणी अचानक गुलाबी झाले. लोक गर्दी करून पाहू लागले, तर्कांना ऊत आला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले तेव्हा उलगडा झाला: पाऊस कमी, बाष्पीभवन जास्त, पातळी खाली गेली, खारटपणा वाढला आणि मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांनी आपले गुलाबी रंगद्रव्य पसरवले. पुढे ते तळाशी बसले आणि रंग ओसरला. रिव्हर सिटीतल्या आजाराची आणि या गुलाबी पाण्याची घडण तीच आहे. एकाच परिणामाच्या मागे दोन-चार कारणे गुंतलेली, आणि एकेक घटक बदलून पाहिल्याशिवाय गुंता न सुटणारा. फरक एवढाच की रिव्हर सिटी अस्तित्वात नाही आणि लोणारला इथली मुले सहलीला जातात. आभासी लोणारमध्ये पावसाचे प्रमाण कमीजास्त करून पाहिलेला मुलगा खऱ्या काठावर उभा राहील तेव्हा त्याला पाण्याच्या रेषेत वेगळे काहीतरी दिसेल असा माझा कयास आहे.

इथे सर्वांत वजनदार आक्षेप येतो. विज्ञान हाताने करायचे असते. पडद्यावरचा दगड दगड नव्हे, आणि खेळाचे नियम निसर्गाने नाही तर कोणा प्रोग्रॅमरने लिहिलेले असतात. तो चुकला तर मुले चुकीचे विज्ञान शिकतील. आक्षेपाचा दुसरा भाग मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच मुलांना खेळ जिंकायला शिकवण्याइतकेच तो फोडायला शिकवले पाहिजे: या जगात गुरुत्वाकर्षण बरोबर आहे का, खऱ्या वस्तूशी ताडून पाहा. पहिल्या भागाबद्दल मात्र पुरावा उलटा आहे. कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वीमन या नोबेल मानकरी भौतिकशास्त्रज्ञाने २००२ साली ‘फेट’ हा सिम्युलेशनचा प्रकल्प सुरू केला. २००५ साली तिथे एक तुलना प्रसिद्ध झाली. विद्यार्थ्यांची एक तुकडी विद्युत मंडले खऱ्या तारा आणि बल्ब घेऊन शिकली, दुसरी पडद्यावर. नंतर दोन्ही तुकड्यांना खऱ्या तारांचे मंडल बांधायला आणि ते समजावून सांगायला दिले. पडद्यावर शिकलेली तुकडी सरस ठरली. कारण शोधले तर चमत्कार काही नाही. खऱ्या तारेत इलेक्ट्रॉन दिसत नाहीत, पडद्यावर ते वाहताना दिसतात. शिवाय खऱ्या तारांचे रंग, सैल जोड, उडालेला बल्ब यांत नवशिक्याचे लक्ष भरकटते. म्हणून प्रयोगशाळा बंद करा असे कोणी म्हणत नाही. जिथे निसर्ग न दिसण्याइतका लहान, मोठा, संथ किंवा धोकादायक असतो तिथे आभासी जगाची बाजू बळकट, जिथे तो हाताशी असतो तिथे खरा निसर्ग बरा. सोयाबीनच्या मुळावरची गाठ बघायला संगणक लागत नाही, वावर पुरते. त्या गाठीतला जिवाणू हवेतला नायट्रोजन कसा बांधतो हे बघायला मात्र लागतो. कारंजा-सोहोळच्या अभयारण्यात काळवीट पाहायचे सोडून ते पडद्यावर पाहणे हा करंटेपणा होईल.

पालकांचा आक्षेप वेगळा असतो. मुले आधीच मोबाइलला चिकटली आहेत, त्यात तुम्ही खेळाला विज्ञानाचे लेबल लावून परवाना देता. ही काळजी खोटी नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांनी काय केले ते इतके उघड होते की ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेला त्यावर बंदी घालणारा कायदा करावा लागला. त्याच कायद्यात शैक्षणिक खेळांना उत्तेजन देण्याची तरतूद आहे, म्हणजे कायद्यालाही खेळाखेळातला भेद करावा लागला. माझी कसोटी सोपी आहे. जो खेळ मुलाला उठू देत नाही तो त्याच्या सवयीवर जगतो. जो खेळ मुलाला मधेच उठवून वही काढायला, आकडा लिहायला, शेजारच्याला विचारायला लावतो तो त्याच्या डोक्यावर जगतो. पहिल्या जातीचा खेळ शाळेत आणू नये, मग त्यावर विज्ञान असे कितीही मोठ्या अक्षरांत लिहिलेले असो.

अलीकडे एक नवा आक्षेप ऐकू येतो. प्रथिनांचे दुमडणे आता कृत्रिम बुद्धिमत्ता सांगते. २०२४ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले त्यात ‘फोल्डइट’ ज्यांच्या प्रयोगशाळेतून निघाला ते डेव्हिड बेकर होते, आणि यंत्राकडून हे काम करून घेणारे डेमिस हसाबिस व जॉन जंपरही होते. मग माणसांनी कोडी कशाला सोडवायची? (हसाबिस स्वतः तरुणपणी संगणकीय खेळ बनवत असत, ही गंमत जाता जाता लक्षात ठेवावी.) उत्तर असे की गणकयंत्र आल्यावरही आपण पाढे शिकवतोच. शाळेला प्रथिनाची रचना नको आहे, रचना शोधणारे डोके हवे आहे.

साधनांचा आक्षेप मी शेवटी ठेवला, कारण तो जऊळक्यात सर्वांत जास्त लागू पडतो. वाशीम हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांतला एक. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून जातो, पण रस्त्यावरून गाडी जाणे आणि वर्गात जोडणी येणे या वेगळ्या गोष्टी आहेत. साधने वाटून प्रश्न सुटतो का याचा एक प्रयोग महाराष्ट्रातच झाला. २००७ साली ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक योजनेची भारतातली पहिली चाचणी रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरात या वाडीतल्या एकशिक्षकी शाळेत झाली. हिरवे-पांढरे लॅपटॉप मुलांच्या हाती आले. ती योजना देशभर पसरली नाही. जिथे ती खूप मोठ्या प्रमाणावर राबवली गेली त्या पेरूमध्ये २०१२ सालच्या मूल्यमापनात मुलांच्या गणितात आणि भाषेत काही सुधारणा आढळली नाही. यंत्र दिले, पण त्यावर करण्याजोगे काम आणि ते करवून घेणारा शिक्षक दिला नाही, असा याचा अर्थ मी लावतो. यंत्र कोणाच्या हातात पडते हाही प्रश्न आहेच. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या २०२३ सालच्या पाहणीत स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १८ वयाच्या मुलांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी १९.८ टक्क्यांकडे. विज्ञानाचा खेळ घरच्या मोबाइलवर सोपवला तर तो भावाच्या हातात जाईल आणि बहीण भाकरी थापत राहील. म्हणून तो शाळेत, शाळेच्या यंत्रावर, दोघातिघांनी मिळून खेळायचा असला पाहिजे. एका यंत्राभोवती तिघे बसले की भांडणाची सोय आपोआप होते, ही गरिबीची एक न मागितलेली देणगी.

जोडणी नसताना काय करता येते हेही आपल्याच मुंबईत दाखवले गेले आहे. टाटा समाजविज्ञान संस्था, एमआयटी आणि टाटा ट्रस्ट यांनी २०१५ साली ‘क्लिक्स’ हा उपक्रम सुरू केला. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा त्यात मोठा वाटा होता. शाळेतच एक छोटा सर्व्हर ठेवायचा, त्यावर सगळे धडे आणि खेळ, इंटरनेट असो वा नसो. चौकोनांचे गुणधर्म पोलिसी तपासासारखे शोधायचा ‘पोलीस क्वाड’, सूर्यमालेत हिंडायचा ‘अॅस्ट्रोमर’ असे खेळ त्यात होते. युनेस्कोने त्याला पुरस्कार दिला. राज्ये होती राजस्थान, छत्तीसगड, मिझोराम आणि तेलंगणा. भाषा होत्या इंग्रजी, हिंदी आणि तेलुगू. मुंबईत घडलेल्या या कामात महाराष्ट्रातल्या शाळा नव्हत्या आणि मराठी नव्हती, हे वाचताना माझ्यातला मराठी माणूस दुखावतो, आणि तो दुखावावा असेच मला वाटते. कारण भाषेने किती फरक पडतो हे याच होमी भाभा केंद्राने जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरात सत्तरच्या दशकात दाखवून दिले होते. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विज्ञानाची पुस्तके सोप्या मराठीत पुन्हा लिहिली, आणि ज्यांना ‘विज्ञान जमत नाही’ असे म्हटले जाई त्या ग्रामीण मुलांची समज लक्षणीय वाढली. अडसर डोक्यात नव्हता, पुस्तकाच्या भाषेत होता. खेळात तर मुलांना एकमेकांशी भांडायचे असते, आणि परक्या भाषेत माणूस भांडत नाही, मान डोलावतो.

‘फेट’ची अनेक सिम्युलेशन्स मराठीत आहेत. ती फुकट आहेत, आणि एकदा उतरवून घेतली की पुढे इंटरनेट लागत नाही. विद्युत मंडल, घर्षण, घनता, नैसर्गिक निवड असे आपल्या अभ्यासक्रमातलेच विषय आहेत. इथे जमलेल्या शिक्षकांनी त्यातले एक या आठवड्यात वर्गात लावावे, तीन मुलांमागे एक यंत्र, आणि पहिली दहा मिनिटे काहीही समजावून सांगू नये. पालकांना आणि ग्रामपंचायतीच्या सदस्यांना विनंती त्याहून लहान आहे. गावातल्या शाळेत संगणक असतील तर ते कोणत्या खोलीत आहेत, आणि त्या खोलीची किल्ली कोणाकडे असते, एवढे उद्या जाऊन विचारा.